बुटांच्या खाचांतली माती

राल्फ मिबुस उभं आयुष्य वाइन विकत घेत आला. मेलबर्नमध्ये त्याचं छोटंसं दुकान होतं आणि त्यातली निम्मी फडताळं एकट्या बरोसा खोऱ्यातल्या वाइनने भरलेली असायची. थंड मुलुखातली हलकी वाइन कुणी मागितली तर तो दाखवायचा, पण मनापासून नाही. त्याचा जीव होता तो उन्हात भाजून निघालेल्या, काळ्याजांभळ्या शिराझ द्राक्षांच्या वाइनवर. तो जन्मलाच बरोसात, लाइट पास गावातल्या चर्चमागच्या गल्लीत. बाप द्राक्षांचा ट्रक चालवायचा आणि हंगामात सगळं घर आंबलेल्या रसाच्या वासाने भरून जायचं. बाविसाव्या वर्षी तो मेलबर्नला गेला, तिकडच्याच ग्लेनिसशी लग्न केलं, पण दर फेब्रुवारीत नऊ तास गाडी चालवून खोऱ्यात परत यायचाच. आधी वेलांच्या ओळींतून हिंडायचं, खोडाला हात लावायचा आणि मगच पिंपातली वाइन चाखायची, हा त्याचा शिरस्ता. लोक हसायचे, पण त्याची निवड चुकत नसे.

त्याची शेवटची भेट ठरलेली असायची मेलिटा नोस्केकडे. अख्खं खोरं तिला टांटे मेलिटा म्हणायचं, टांटे म्हणजे मावशी. तिच्या पणजोबांनी लावलेले शिराझचे वेल सव्वाशे वर्षांचे होते. खोडं माणसाच्या कमरेएवढी जाड, ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, पिळवटलेले, घड थोडे पण मणी काळेभोर. वर्षाला जेमतेम सात पिंपं वाइन व्हायची आणि त्यातली दोन राल्फची.

त्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, पारा बेचाळीसवर होता. राल्फ ओढ्याच्या बाजूने आला, कारण टांटे खालच्या ओळींत उभी राहून हात हलवत होती.

"अरे, तिकडून वळसा कशाला घालतोस? ये इथूनच, तार वर करून!"

तो तारेखालून वाकून आत शिरला. तासभर दोघं ओळींतून फिरले. मग तळघरात जाऊन त्याने पिंपातली वाइन चाखली, दोन पिंपांचा शब्द दिला आणि टांटेने बांधून दिलेला केक घेऊन तो निघाला.

ट्रूरो गावाच्या पुढे चढावर बूट काचायला लागले म्हणून त्याने गाडी थांबवली. बूट काढून झटकला आणि उलटा करून त्याचा तळ बघितला. वर तांबडी माती होती, टांटेच्या बागेतली. पण खाली, खाचांत घट्ट बसलेला, करड्या रंगाचा चिखल होता.

हा चिखल यारा खोऱ्यातला. चारच दिवसांपूर्वी मेलबर्नजवळच्या त्या खोऱ्यात एका बागेत तो पावसात हिंडला होता. आणि यारात फिलॉक्सेरा होती.

बरोसातलं शेंबडं पोरसुद्धा या नावाला घाबरतं. डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिवळी ऊ. वेलाची मुळं शोषते, मुळांवर गाठी येतात, दोन-तीन वर्षांत पानं पिवळी पडतात आणि वेल बसतो. औषध नाही. बाग मुळासकट उपटायची, एवढंच. बरोसात ती कधी आलीच नव्हती, म्हणून तर ते म्हातारे वेल उभे होते. म्हणून प्रत्येक फाटकाशी पाटी असते आणि जंतुनाशकाचा टब असतो. राल्फने हजार वेळा त्या टबात बूट बुडवले होते. या खेपेला तो फाटकातून आलाच नव्हता.

तो गाडीत बसला. परत जावं, सांगावं, असं वाटलं. गाडी वळवलीही. पण अर्ध्या मैलावर पुन्हा थांबवली. काय सांगणार? तुझ्या पणजोबाची बाग मी मारली असेन, असं? त्याने बूट पिशवीत बांधले, अनवाणी पायांनी मेलबर्न गाठलं आणि मागच्या अंगणात ते जाळले.

"चांगले नवे बूट होते की," ग्लेनिस म्हणाली.

"चावत होते."

त्याने बायकोलाही सांगितलं नाही. पुस्तकं आणून वाचली. ऊ चिखलातून जाते, हे खरं. उन्हाळ्यात जास्त हिंडते, हेही खरं. कडक उन्हात मरते, असंही एका ठिकाणी होतं. तेवढं पान तो पुन्हा पुन्हा काढून वाचायचा. पण खाचांतला चिखल अजून ओलसर होता, गाडी थंडगार होती आणि तासभर तो मऊ भुसभुशीत मातीतून चालला होता. दर पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून तो टांटेला फोन करायचा.

"काय म्हणतेय बाग?"

"बाग काय म्हणणार? माझे गुडघे म्हणताहेत ते ऐक. तुला झालंय काय रे? पूर्वी नाताळाला एक फोन यायचा तुझा."

"सहज."

"बायकोने घराबाहेर काढलंय का?"

पुढच्या फेब्रुवारीत तो गेला, पण ओळींत उतरला नाही. पाय मुरगळल्याचं सांगितलं. व्हरांड्यात बसून पिंपातली वाइन घोटघोट प्यायला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कसलीच चव लागली नाही. तरी त्याने इतकी स्तुती केली की टांटेने डोळे बारीक केले.

"राल्फ, वाइन चांगली आहे, पण एवढीही नाही. तू माझ्याकडे बघत का नाहीस?"

"ऊन फार आहे, टांटे."

त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. रस्त्याने जाताना कुठल्याही बागेत पिवळं पान दिसलं की तो गाडी हळू करून निरखत राहायचा. शरद आला की सगळीच पानं पिवळी पडतात, ते दोन महिने तर त्याला खोऱ्याचं नावही नको व्हायचं. दुकानात कुणी टांटेच्या बाटलीकडे बोट दाखवलं तर तो दुसरी पुढे करायचा, जणू त्या बाटल्या संपल्या की आणखी मिळणारच नव्हत्या.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात फोन वाजला. टांटेचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा सावकाश.

"खालच्या ओळीतले पाच वेल पिवळे पडलेत रे. पाणी दिलं, खत दिलं, हलत नाहीत. तू एवढ्या बागा बघतोस, येऊन एकदा नजर टाक."

"कुठली खालची ओळ?"

"ओढ्याकडची."

येतो म्हणून राल्फने फोन ठेवला. मग ग्लेनिसला समोर बसवून त्याने सगळं सांगितलं.

"तीन वर्षं?" तिने विचारलं. "तीन वर्षं तू हे घेऊन माझ्या शेजारी झोपत होतास?"

"हो."

"मग आता तिला सांग. फोनवर नाही, तोंडावर."

या खेपेला त्याने गाडी फाटकाबाहेर उभी केली आणि तिथूनच हाक मारली. टांटे ॲप्रनला हात पुसत आली.

"आत ये की!"

"नाही येत. टांटे, आधी ऐक." तो फाटकापासून दोन पावलं मागेच राहिला. "तीन वर्षांपूर्वी मी ओढ्याकडून आलो होतो ना? माझ्या बुटांना यारातली माती होती. मला नंतर कळलं. त्याच दिवशी कळलं. मी सांगितलं नाही."

टांटेने फाटकाचा दांडा धरला. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढराफटक पडला.

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"आणि फोन करून बाग काय म्हणतेय विचारत होतास." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं राल्फला वाटलं. "तेव्हा सांगितलं असतंस तर तेवढी ओळ उकरून बघता आली असती. आता ती ऊ असलीच, तर शेजारच्या वाल्टरकडे गेली असेल. वाल्टरकडून पुढे. राल्फ, माझे वेल गेले तर मी रडेन आणि मरेन, मी ऐंशीची आहे. पण वाल्टरच्या पोरांनी काय करायचं?"

तिने आत जाऊन शेती खात्याला फोन लावला आणि मग स्वतःच एकेका शेजाऱ्याला. राल्फचं नाव तिने लपवलं नाही. संध्याकाळच्या आत वाल्टर झेर्ना ट्रॅक्टरवरून येऊन राल्फच्या गाडीसमोर थांबला. दोघं एकाच शाळेत शिकलेले.

"तू इथला आहेस," वाल्टर म्हणाला. "एखादा परदेशी पाहुणा असता तर म्हटलं असतं, त्याला काय कळतंय. तू तर इथला ना रे!"

उत्तराची वाट न बघता त्याने ट्रॅक्टर वळवला.

खात्याची बाई आली, अंगभर पांढरा पोशाख घालून. तिने पाची वेलांची मुळं उकरली, भिंगातून बघितली, तुकडे पिशव्यांत घातले. "इथे काही सांगत नाही," ती म्हणाली. "प्रयोगशाळेतून कळेल. तोपर्यंत कुणीही आत-बाहेर करायचं नाही."

अकरा दिवस लागले. राल्फ जवळच्या नुरिऊट्पा गावातल्या एका मोटेलमध्ये राहिला. बेकरीत शिरला की बोलणं थांबायचं. रोज सकाळी तो टांटेच्या फाटकापर्यंत जायचा. ती व्हरांड्यात बसलेली असायची, तो बाहेर उभा. कुणी हात हलवत नसे. त्या दिवसांत तिने जेवण टाकलं होतं, हे त्याला तिच्या भाचीकडून कळलं. रात्री उठून ती कंदिलासारखा मोठा टॉर्च घेऊन ओळींतून फिरायची, पानं उलटी करून बघायची.

बाराव्या दिवशी भाचीनेच फाटकाशी येऊन निरोप दिला. ऊ नव्हती. जमिनीखालचा जुना पाइप फुटला होता, पाणी साचून मुळं कुजली होती. पाच वेल गेल्यात जमा होते, बाकी बाग धडधाकट होती. तरी अजून दोन उन्हाळे तपासणी करावी लागेल, असं खात्याने लिहिलं होतं.

राल्फ मातीत खाली बसला. टांटे काठी टेकत आली आणि फाटकाच्या आतच थांबली.

"तुझ्या नशिबाने वाचलं," ती म्हणाली. "पण तीन वर्षं तू जे पोटात बाळगलंस ना, ते आता माझ्या पोटात आलंय. उद्यापासून मी एकही पान साधं बघू शकणार नाही. ते काही तू परत नेऊ शकत नाहीस."

"नाही, टांटे."

"वाइन देईन मी तुला. तू चांगली विकतोस. पण या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही."

तो त्याने पुन्हा ठेवलाही नाही. पुढचे दोन उन्हाळे तपासणीच्या दिवशी तो हटकून आला, गाडीत काच वर करून बसून राहिला, आणि पांढऱ्या पोशाखातली बाई अंगठा वर करेपर्यंत जागचा हलला नाही. दोन्ही वेळा मुळं स्वच्छ निघाली. दुसऱ्या वेळी वाल्टर ट्रॅक्टर थांबवून "आलास का?" एवढंच म्हणाला.

त्या दिवशी टांटे मेलिटा पिंपातली वाइन एका बरणीत आणि दोन पेले घेऊन फाटकाशी आली. गाडीच्या बॉनेटवर पेले ठेवून तिने ओतली. राल्फने पेला उचलला तर हात इतका कापत होता की वाइन मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. टांटेने वरून हात घालून त्याचं मनगट धरलं.

"सांडू नकोस," ती म्हणाली. "पी."

तो प्यायला.

"कशी आहे?"

"अजून कळत नाही, टांटे."

"मग आणखी एक घे," ती म्हणाली आणि बरणी पुन्हा तिरकी केली.