बिजागरीखालची जागा

फोन आला तेव्हा मी गाडीचं बॉनेट उघडून रेडिएटरमधलं पाणी बघत होतो. फोन धनराजभाऊंच्या मुलीचा, पल्लवीचा. "सर, बाबा गेले सकाळी." मी काहीतरी बोललो असेन... आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बॉनेट आपल्या जागी ताठ उभं होतं. ते त्यांनीच उभं केलेलं.

याला सहा आठवडे झाले. राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

साकोलीत हायवेला लागून धनराजभाऊंचं फायबरचं शेड होतं. पाण्याच्या टाक्या, तलावातले डोंगे, ट्रॅक्टरचे टप, येईल ते काम. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि निवृत्तीनंतर माणसाला जे शहाणपण सुचतं ते न सुचता, नागपूरच्या एका हौशी गृहस्थाकडून लाल, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, वर छत नसलेली स्पोर्ट्‌स कार घेऊन आलो. बायको म्हणाली, "यात भाजीची पिशवी कुठं ठेवायची?" त्या प्रश्नाला अजून उत्तर नाही.

बॉनेटच्या बिजागऱ्या खिळखिळ्या होत्या. मी त्या स्वतः दुरुस्त केल्या. जाड ते मजबूत, या हिशेबानं फाटकाच्या लोखंडी बिजागऱ्या आणल्या आणि पातळ फायबरला भोकं पाडून स्क्रूंनी आवळल्या. लाखनीच्या रस्त्यावर एक गचका बसला आणि बॉनेट माझ्या डोक्यावरून उडून धानाच्या बांधीत पडलं. रोवणी करणारी एक बाई कंबर सरळ करत म्हणाली, "मास्तर, तुमचं झाकण इकडं येऊन पडलं जी."

ते चिखलानं माखलेलं झाकण शेजारच्या सीटवर बसवून मी शेडमध्ये गेलो. धनराजभाऊंनी बोट फिरवून पाहिलं. "सर, बिजागरीले काहीच नाही झालं. तिच्याखालची जागा फाटली." मग हळूच, "बांधीत टाचेवर उभं राहिलं का पाय रुतते. खाली रुंद फळी टाकली का नाही रुतत. तुमी पोरायले काय शिकवत होते?"

हेच शिकवत होतो. भार आणि क्षेत्रफळ, अठ्ठावीस वर्षं, फळ्यावर. मी सांगितलं नाही.

त्यांनी काम समजावलं. फाटलेली जागा आतून घासून खडबडीत करायची. त्यावर काचतंतूच्या मॅटचे तुकडे रेझिन पाजत बसवायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा. थरांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी पुरायची आणि हलकी बिजागरी मोठे वायसर घालून तिच्यावर कसायची. म्हणजे ओढ एका भोकावर न येता वीतभर जागेत पसरते.

ग्राइंडर सुरू करण्याआधी त्यांनी खुंटीवरचा मास्क काढला. जाड फिल्टरचा, पल्लवीनं नुकताच नागपूरहून आणलेला, नवाकोरा, शेडमधला एकुलता एक. तो त्यांनी मला दिला. खुर्चीही एकच होती, तीही मलाच मिळाली होती.

"आणि तुम्ही?"

"मले दुपट्टा आहे ना. तुमी पाहुणे."

मी लावला. वर "हत्ती दिसतो की डुक्कर?" असा विनोदही केला. ते हसले, दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि दोन तास घासत राहिले. त्या पांढऱ्या धुरळ्यात मी खुर्चीवर बसून स्वच्छ हवा घेत त्यांना सूचना देत होतो.

घरी पोचलो तर मास्क माझ्या गळ्यातच. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "सर, मास्क तुमच्यासंग गेला काय?"

"उद्या आणतो."

"आणा आरामात."

रोवणी गेली, कापणी गेली. दर भेटीत मी "अरे, विसरलोच" म्हणायचो आणि दर भेटीत त्यांचा खोकला वाढलेला असायचा. एकदा मी त्यांना विडी सोडा म्हणून ऐकवलं. "सोडतो, सर," ते म्हणाले. त्यांनी विडी कधी ओढलीच नव्हती, हे मला नंतर कळलं. इथला डॉक्टर छातीला नळी न लावता खोकल्याचं औषध देत राहिला. नागपूरला नेलं तेव्हा कळलं, फुफ्फुसं कडक झाली आहेत, आणि ती एका दिवसात झालेली नाहीत. माझ्या एका बॉनेटनं ते गेले असं कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही... पण मोजणीतून ते बॉनेट काढताही येत नाही.

अंत्यविधीनंतर त्यांच्या घरी बुद्धवंदना झाल्यावर कोणीतरी उसासा टाकला, "वेळ आली का कोणाचं चालते."

मी तिथंच भडकलो. "कायची वेळ? वीस वर्षं हा माणूस धूळ गिळत होता. त्यानं केलेल्या टाक्यांचं पाणी तुम्ही सगळे पिता. तुमच्यातल्या एकानं तरी त्याला साधा मास्क नेऊन दिला?"

पल्लवीनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मी खाली मान घालून चप्पल शोधायला लागलो.

मास्क अजून माझ्याकडेच आहे. काल तिला परत द्यायचा म्हणून काढला. बाहेरच्या बाजूला धुळीचा थर, पिठासारखा, एका दुपारचा. आतली बाजू कोरी. तो हातात घेऊन मी गाडीपाशी गेलो, बॉनेट उघडलं आणि सगळा जीव एकवटून आपटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा खांदा दुखला. मग ते उघडून, गुडघ्यावर बसून बिजागरीखालच्या जागेवर बोट फिरवून पाहिलं, त्यांच्यासारखं.

कुठंही तडा नव्हता.