बाल्कनीतल्या वडाचे दोरे

"काका, कात्री खाली ठेवा आधी!" वहिनी किचनमधून ओरडल्या. मी त्यांच्या विरारच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसलेलो. पुढ्यात हातभर उंचीचा वड. बोन्साय.

माझा धंदाच हा. लोकांचे बोन्साय सांभाळतो. होळी झाली की छाटणी. वरचा शेंडा उडवला की खालच्या फांद्यांना जोर येतो, झाड बुटकं आणि भरलेलं राहतं. शास्त्र एवढंच. बायको होती तेव्हा ती कुंडी फिरवायची, मी कापायचो. आता दोन्ही मीच.

ह्या वडाच्या फांद्या सुकायला लागल्या होत्या. शेवाळ बाजूला केलं, तर खोडात दोरे रुतलेले. वटपौर्णिमेचे. वहिनी दर वर्षी हॉलमध्ये कुंडी मांडून ह्याचीच पूजा करायच्या. दोरे काढले कधीच नाहीत, त्यात ते नायलॉनचे. खोड जाड होत गेलं, फास आवळत गेला.

"दोरे कापतो. नाहीतर वड मरेल."

"आणि ह्यांना काही झालं म्हणजे?"

साहेबांची नुकतीच बायपास झालेली. ते सोफ्यावरून म्हणाले, "अगं, डॉक्टरनेपण माझे टाके काढलेच ना?"

"तुम्ही गप्प बसा हो!" वहिनींचे डोळे भरले.

मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "माझी बायको आगाशीच्या वडाला बांधायची. तिचे दोरे दर पावसाळ्यात कुजून पडले. मी हा असा तुमच्यासमोर बसलोय. गेली ती."

वहिनी आत गेल्या आणि सुई घेऊन आल्या. "कापायचे नाहीत. मी सोडवते."

वडाच्या चिकाने दोरे सालीला चिकटलेले. मी ओलं फडकं दाबून धरलं, त्या एकेक पदर उचलत गेल्या. साहेब उठून आले आणि कुंडी फिरवायला लागले. "थोडी डावीकडे," वहिनी म्हणायच्या. ते फिरवायचे. मी फडक्याकडेच बघत राहिलो.

दोरे देवापुढे गेले. मग मी छाटणी केली. सुकलेलं काढलं, शेंडा उडवला, चीक पुसला.

पालवी उशिरा आली, पण आली. खोडावरचा वळ राहणार. यंदा वटपौर्णिमेला वहिनींचा फोन आला, "काका, दोरा कुठे बांधू?"

"कुंडीला बांधा. झाड वाढतं, कुंडी वाढत नाही."