दोन अँटेना आणि काकूचा बांध

रविवारी पोशीरला काकूकडे गेलो होतो... खाऊ राहिला घरी, पिशवीत फक्त सर्किट बोर्ड!

काकू एकटीच उन्हाळी भात करते. मागच्या महिन्यात विहिरीवरची मोटर बघायला जाताना बांधावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तेव्हापासून शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं तिच्या मनात होतं. शेत गेलं तर ही बाई दिवसभर करणार काय, याची मला धास्ती...

मी मोहोपाड्याला एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. म्हटलं, मोटर चालू आहे का आणि खालच्या खाचरात, म्हणजे भाताच्या बांधलेल्या तुकड्यात, पाणी पोचलं का, हे तिला ओटीवर बसून स्क्रीनवर दिसेल असं करू. विहिरीवर आणि खाचरात मेसेज पाठवणारा एकेक सेन्सर. ते मेसेज पकडायला ओटीवर रेडिओ एक, अँटेना दोन: एक विहिरीकडे, एक खाचराकडे. मधे आरएफ स्विच, म्हणजे रेडिओला आलटून पालटून एकेका अँटेनाशी जोडणारी इवलीशी चिप. चिपला हुकूम मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या कॉम्प्युटरचा.

घरी टेबलावर झकास चाललं होतं. इथे मात्र विहिरीचे मेसेज येत होते, खाचराचा एकही नाही. दोन तास डोकं खाजवलं...

काकू शेजारीच बसलेली. "करतं काय रं ह्ये?" म्हणाली. मी सांगितलं, चिपला हुकमाच्या दोन तारा आहेत. एक मी चालू-बंद करतो, दुसरी कायम चालू.

"कायम कशाला? आमी एका खाचराचं तोंड फोडलं की दुसऱ्याचं बुजवतो. दोनी उघडी ठेवली तं पानी कुठंच धड जात नाय."

मी गार! चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, हेच होतं... एका तारेवर व्होल्टेज असेल तेव्हा दुसरीवर नको. कंपनीतल्या पॅनलमध्ये एक तार कायम सप्लायला असते, त्या सवयीने मी दुसरी सरळ सप्लायला जोडून टाकली होती. टेबलावर अंतर वीतभर, सिग्नल चुकीच्या अँटेनातूनही पोचायचा, म्हणून चूक झाकली गेली.

ती तार सोडवून मायक्रोकंट्रोलरच्या दुसऱ्या पिनला लावली, कोडमध्ये एक ओळ वाढवली. मिनिटभरात स्क्रीनवर आलं, 'खाचर: पाणी आहे.'

काकूने बोट ठेवून ती अक्षरं वाचली. मग डाव्या हाताने फोन लावला आणि शेत कसायला घेणाऱ्याला म्हणाली, "नको रं बाबा. माजं मीच करनार हाय."

मी मान खाली घालून स्क्रू आवळत बसलो, कारण डोळे भरून आले होते... थँक्यू, काकू.