वैदूबाईचा दहावा

वैदूबाई कुणालाही माफ करत नसे. खेळात एका बुटक्या चोराने तिची झोळी पळवली, तेव्हा बाकीचे सगळे राजकन्येला सोडवायला निघाले आणि ही एकटी चोरामागे डोंगर चढून गेली. "राजकन्या थांबेल, मास्तर," ती मला म्हणाली, "हा सुटला तर माझा जीव जळत राहील."

गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी आम्ही रविवारी दुपारी जमायचो. टेबलावर फासे टाकायचे, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि मी सांगेन त्या काल्पनिक मुलखात त्याचं आयुष्य जगायचं, असा तो खेळ. खेळ चालवतो म्हणून मी मास्तर. ती एका लॅबमध्ये रक्त घ्यायची, पात्रही तिने वैदूचंच निवडलं, म्हणून ती वैदूबाई. गाव कळवणजवळचं. घरच्यांविषयी कुणी विचारलं की मात्र फासे हातात घोळवत बसायची.

खेळाआधी प्रत्येकाने आपल्या पात्राचा पूर्वेतिहास सांगायचा होता. तिने सांगितलं, ही वैदू एका गुप्त पंथाची आहे. एकाने लगेच काळे झगे, कवट्या, नरबळी सुचवले. ती फिसकन हसली. "काळा झगा घालून कोण गुप्त राहतं? पंथाची माणसं तुमच्या घरी येतात, चहा घेतात, पोरांची चौकशी करतात. चेहरा लपवावा लागत नाय. राग तेवढा लपवावा लागतो."

मग ती बोलतच सुटली. पंथाबाहेरच्या घरचं मीठ खायचं नाही. मुलीचं नाव महाराज ठेवणार, लग्नही महाराजच ठरवणार. घराण्यातली एक मुलगी जन्मभर मठाच्या सेवेला. आणि कुणी पंथ सोडून गेली, तर घरच्यांनी तिचं जिवंतपणीच क्रियाकर्म उरकायचं. "हे जरा जास्तच होतंय," मी म्हटलं. "जिवंत माणसाचं कोण करेल?"

"करतात," ती म्हणाली. ती काही रचत नव्हती हे तेव्हा आम्हाला कळलं.

"मग तुझ्या वैदूला त्या पंथात ठेवलंस कशाला?" मी विचारलं. "आतली कडी काढायला. पुढची पोरगी जायच्या आधी." पुढची पोरगी म्हणजे तिची धाकटी बहीण. ही पळून नाशकात आल्यावर मठातली हिची जागा धाकटीने भरायची, असं ठरलं होतं. फक्त त्याआधी थोरलीचं सुतक फिटायला हवं होतं.

धाकटीनेच चोरून फोन केला. "ताई, बुधवारी तुझा दहावा हाय. पंचवटीत." वैदूबाईने रजा टाकली, ठेवणीतली साडी नेसली आणि माझ्या दारात आली. "चला मास्तर. माझ्या दहाव्याला मीच नसले तर बरं दिसत नाय."

घाटावर तिचे वडील उघड्या अंगाने बसले होते. मागे महाराजांचे दोन शिष्य आणि त्यांच्यामध्ये मान खाली घालून धाकटी. गुरुजींना मुलगी खरंच वारली असं सांगितलेलं. पिंड ठेवला, पण गर्दीत कावळा काही शिवेना. गुरुजी रीतीप्रमाणे म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तिची. पुरी करीन म्हणा." वडिलांनी हात जोडले. "तुझी जी काय इच्छा राह्यली असंल, ती पुरी करीन, बाई."

"धाकटीला सोडा," वैदूबाई मागून म्हणाली.

वडिलांनी वळून पाहिलं. तो चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं, आणि हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. "कोण ही बाई?" एक शिष्य ओरडला. "जिचा दहावा चाललाय ती," वैदूबाई म्हणाली. गुरुजींनी एकदा पिंडाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि हातातली पळी खाली ठेवली. "यजमान, तुम्ही शब्द दिलाय."

आजूबाजूचे लोक गोळा झाले होते, त्यामुळे धाकटीला धरायला शिष्यांचा हात पुढे होईना. ती उठली आणि ताईजवळ येऊन उभी राहिली.

"माझ्यासाठी दोघी मेल्या," वडील म्हणाले.

महिन्याभरात दोघी बहिणी नाशिक सोडून लांबच्या शहरात गेल्या. आमचा खेळ चालू आहे, पण तिच्याशिवाय त्यात दम नाही. कुणीही भेटेल त्या चोराला सोडून देतं.

परवा तिचा फोन आला. घरच्यांनी आता धाकटीचाही दहावा ठरवलाय, आणि मठासाठी आठ वर्षांच्या चुलतबहिणीचं नाव काढलंय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मास्तर? आमची दोघींची तिकिटं काढलीत."