जिवंत चिंबोरीचा व्हिडिओ

मेलेली चिंबोरी कुणी घेत नाही. आमच्या मुर्धा गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाजारात गिऱ्हाईक आधी तिला उलटी करायला लावतं, पाय हलतात का बघतं, पोट दाबून भरलेली आहे की पोकळ ते तपासतं, आणि मग भाव करायला लागतं. पौर्णिमेच्या सुमारास चिंबोऱ्या पोकळ निघतात, तेव्हा तर लोक माझ्याशी असे भांडायचे, जसा काही चंद्र मीच वाढवून ठेवलाय.

भाईंदरच्या बाजारात माझ्या सासूची जागा होती. तिच्या सासूकडून तिला मिळालेली, आणि तिचे गुडघे गेल्यावर माझ्याकडे आलेली. कागदबिगद काही नाही. जी बसते तिची जागा. आपल्या हाताने दुसरीला दिली की परत मागायची नाही, हा बायकांचा आपसातला कायदा. नवरा खाडीत पिंजरे लावून चिंबोऱ्या आणायचा, मी त्यांच्या नांग्या सुतळीने बांधून विकायला बसायचे. बसायचे, पण जिवावर येऊन. कंबर धरायची, आणि केसांतला वास शिकेकाईलाही दाद द्यायचा नाही.

मग एकदा बाजार बंद होता आणि पाटी भरलेली होती, म्हणून मी फोनवर एक व्हिडिओ केला. तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून नुसते हात. चिंबोरी उचलली, उलटी केली, पोट दाबलं, पाय हलवून दाखवले. बाजारात करते तेच. फोनमधल्या एका ॲपवर माझं एक पान होतं, त्यावर तो टाकला. दुपारपर्यंत पाटी रिकामी.

तिथून माझं नशीब फिरलं असं मी सगळ्यांना सांगत सुटले. मीरा रोडच्या टोलेजंग बिल्डिंगांमधून मेसेज यायचे. ‘जिंदा है ना?’ एवढंच विचारायचे, आणि मी उत्तर म्हणून व्हिडिओ पाठवायचे. नवरा स्कूटरवरून माल वॉचमनकडे ठेवून यायचा. गिऱ्हाइकांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत. मला ती माणसं त्यांच्या नावाशेजारच्या फोटोंवरून माहीत. एक गुलाबाचं फूल, एक बाळकृष्ण, एक नुसता समुद्र. गुलाबवाली बाई टाइप करायचा कंटाळा करायची, आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. तिचा तो नाकातला आवाज मला पाठ झाला होता.

मी बाजारात बसणं सोडलं आणि शेजारच्या घरातली बाई ती जागा मागायला आली, तेव्हा सासू ओरडली होती. “आठवड्यातून दोनदा तरी बस जाऊन. दुसरी कोन बसली तं तिला उठवता न्हाय यायचं.”

“अख्खा मीरा रोड माझ्या हातात हाय आई,” मी फोन नाचवत म्हटलं. शेजारीण नारळ घेऊन आली होती. मी नारळ घेतला, जागा दिली. मला अजूनही वाटतं की तेव्हा माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. सासूला मात्र तसं वाटत नाही, आणि ती ते रोज बोलून दाखवते.

एका सकाळी पान उघडायला गेले तर पान नाही. प्राण्यांची विक्री केल्यामुळे बंद करण्यात आले आहे, असं दोन ओळींत लिहिलेलं. मी चार वेळा वाचलं. प्राणी? मी काय वाघ विकत होते? नवरा नुकताच खाडीवरून आलेला, पाटीत बांधलेल्या चिंबोऱ्या बुडबुडे काढतायत, आणि हे ॲपवाले मला सांगतायत की ह्या प्राणी आहेत!

दाद मागायचं एक बटण होतं, ते दाबलं. उत्तर लगेच आलं, नियम पुन्हा वाचा म्हणून. परत दाबलं, तेच उत्तर. सरकारी ऑफिसातला क्लार्क निदान पान खात ‘उद्या या’ म्हणतो, आपण त्याच्या टेबलावर हात आपटू शकतो. इथे कुणावर ओरडू? संतापाने मला रडू आलं, आणि रडताना नवऱ्याने पाहिलं म्हणून आणखी संताप आला.

नवीन पान काढलं. तेही बंद झालं. शेवटी मेलेल्या चिंबोऱ्यांचे फोटो टाकायचं ठरवलं, पण ते बघून कोण घेणार? जिवंत दाखवली तर ॲप हाकलतं, मेलेली दाखवली तर गिऱ्हाईक. आणि इतकी वर्षं माल घेणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नव्हता. ऑर्डरी, फ्लॅटचे नंबर, सगळं त्या पानावरच यायचं, पानाबरोबरच गेलं.

आता मी पाटी घेऊन बाजारात जाते, पण विकायला बसत नाही. गटाराच्या कडेला बसून पाहिलं, पालिकेची गाडी आली, उठले. म्हणून माल शेजारणीलाच देते, ती सांगेल त्या भावाने. ती वाईट बाई नाही. ती चहा पाजते, आणि तिच्या ओट्यामागे मला स्टूल देते. त्या स्टुलावर बसून मी तिच्यासाठी चिंबोऱ्या बांधते.

परवा एक बाई आली. शेजारणीला म्हणाली, “भरा हुआ देना. हमारी एक ऑनलाइनवाली थी, क्या माल था उसका! पता नहीं कहाँ भाग गई.”

तो नाकातला आवाज. माझ्या हातातली सुतळी सुटली.

“मी कुठे भागले?” मी उभी राहिले. “मैं ही हूँ वो.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, ओळख पटेना. मी पाटीतली एक चिंबोरी उचलली, उलटी केली, अंगठ्याने पोट दाबलं, पाय हलवून दाखवले.

“अरे, आप!” ती एवढी खूश झाली की तिने माझा ओला हातच धरला. “नया पेज खोलो ना. यहाँ तक आना नहीं होता.”

“पेज नको,” मी म्हटलं. “तुमचा नंबर द्या. मी रोज व्हिडिओ पाठवते, घरी आणून देते.”

तिने हात सोडला. चेहरा हसराच होता. “नंबर मैं किसी को देती नहीं, बुरा मत मानना. पेज चालू हो जाए तो मेसेज करना.”

मेसेज कुठून करू, ते तिने सांगितलं नाही. शेजारणीने तिच्या पिशवीत मी आणलेल्या चिंबोऱ्या भरल्या, आणि मी स्टुलावर बसून पुढची बांधायला घेतली.