रक्त ओळखणारी बोंगसुन मावशी

कोरियातल्या देजॉन शहरातल्या त्या प्रयोगशाळेच्या तळघरात आता काचेची भांडी धुवायचं यंत्र बसवलंय. चांगलं आहे म्हणतात. मी एकदाच पाहिलं आणि वर निघून आले. त्याच जागी बोंगसुन मावशी उभी असायची. रबरी एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, आणि रेडिओवर जुनी रडकी गाणी. त्या गाण्यांना ती खुदुखुदू हसायची.

त्याआधी तिची बाजारात सुंदेची टपरी होती. डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरायच्या नि वाफवायच्या, हे तिनं एकतीस वर्षं केलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा टपरी विकून ठेकेदारामार्फत इथं लागली. मी तेव्हा कंत्राटी कामगारांची संघटना चालवत होते. शिक्षण आठवी, पण कामगार कायदा तोंडपाठ. भल्याभल्या वकिलांना नडले आहे मी. तिला सभासद करून घ्यायला गेले, तर तिनं आधी रस्साभाताचा वाडगा पुढं सरकवला. म्हणाली, उपाशी पोरीच्या कागदावर मी सही करत नाही.

वर काय संशोधन चालतं ते मला शास्त्रज्ञांनी नाही, तिनं समजावलं. काही जंतू औषधांना जुमानेनासे झालेत. त्यांचं विष रक्तातल्या तांबड्या पेशींना भोकं पाडतं. म्हणून वरची मंडळी तांबड्या पेशी आतून रिकाम्या करतात, नुसती कातडी ठेवतात आणि ती डोळ्यांना न दिसणाऱ्या मण्यांवर चढवतात. विष त्या मण्याला पेशी समजून चिकटतं आणि तिथंच अडकून पडतं.

"कातडी एकाची, आत भरलेलं भलतंच," मावशी म्हणाली. "माझाच धंदा आहे की गं. फक्त फार बारीक."

त्या वर्षी छुसॉकचा, म्हणजे सुगीचा सण पंधरा दिवसांवर आला होता आणि वरचं काम बिघडलं. लागोपाठ पाच घाणे वाया गेले. कातडीच्या चिंध्या होऊन यायच्या, मण्यांवर बसायच्याच नाहीत. आजारी उंदरांवरची चाचणी खोळंबली. साबणाचा अंश राहिला तरी पेशीची कातडी विरघळते, हे खरंच आहे. त्यामुळे प्रयोगशाळेचे प्रमुख, प्राध्यापक नामगुंग यांचं बोट सरळ तळघराकडे गेलं. ठेकेदाराचं पत्र आलं: एक तारखेपासून बाई बदलणार.

माझं डोकं फिरलं. मी भोंगा घेऊन, फलक रंगवूनच तळघरात उतरले. मावशीनं हात पुसले.

"भोंगा ठेव खाली. भांड्याला साबण राहिला असेल तर मी उद्याच जाते, एक तारीख कशाला. पण आधी मला रक्त बघू दे."

रक्तपेढीतून आलेली नवी पिशवी फोडायची नाही, उभी टांगून ठेवायची, एवढंच तिचं मागणं. वरच्या पोरी हसल्या. त्या घाईच्या, पिशवी आली की लगेच काचेत ओतायच्या, म्हणून बिघाड दिसायचा तो काचेतच. प्राध्यापकांनी कपाळाला आठ्या घालून होकार दिला. दुपारपर्यंत पेशी खाली बसल्या. वर राहिलेलं पाणी वाळल्या गवताच्या काडीसारखं पिवळसर हवं होतं. ते लाल होतं.

"याला अजून माझी काच लागलेली नाही," मावशी म्हणाली. "पेशी वाटेतच फुटल्यात."

मग तिनं पिशवी ज्या खोक्यातून आली ते मागवलं. आत दोन्ही बाजूंनी दगडासारखी गोठलेली बर्फाची पाकिटं खच्चून भरलेली. तिनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं. रक्त गार ठेवायचं असतं, बर्फाला चिकटवायचं नसतं. चिकटलं की गोठून फुटतं. बाजारात नवशिके हीच चूक करतात, असं ती म्हणाली.

हे भरलं कोणी, प्राध्यापकांनी विचारलं. पेटी आणणारा दुचाकीवाला ग्वाक, आमच्याच संघटनेचा. त्याला बदलून टाका, असं ते म्हणालेही.

ऑगस्टमध्ये रक्त कोमट येतंय अशी ग्वाकबद्दल तक्रार झाली होती, तेव्हा मीच त्याच्या शेजारी उभी राहून पेटी भरून दाखवली होती. सणाच्या भेटीचं गोमांस पाठवताना भरतो तशी, बोट शिरायला जागा नको. म्हटलं होतं, आता बघू कोण आपल्याला बोलतंय. ग्वाक माझ्यासाठी तोंड मिटून घरी बसला असता. मावशीला सगळं ठाऊक होतं. तो रोज तिच्याकडेच जेवायचा. ती पिशवीकडं बघत राहिली, माझ्याकडं नाही. त्यानंच मला जास्त लागलं.

वीस वर्षांत कुठल्याही मालकासमोर मी चुकले असं म्हटलं नव्हतं.

"सर, बर्फ मी भरायला लावला. ग्वाकनं माझं ऐकलं. पत्र द्यायचं तर मला द्या."

प्राध्यापक चष्म्यावरून बघत राहिले. "तुम्हाला काढायचं तर आधी कामावर ठेवावं लागेल," ते म्हणाले, "आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही."

पत्र मागं घेतलं गेलं. तेवढ्यावर मावशी हलेना. भांडी स्वच्छ होती, हे कागदावर लिहून द्या म्हणाली. प्राध्यापकांनी लिहिलं, सही केली. तिनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. ग्वाकला तिनं पिशवी आणि बर्फ यांच्यामध्ये जाड टॉवेल घालायला शिकवलं, आणि पुढचा घाणा जमला.

खाली जाताना लिफ्टमध्ये मी कौतुकाची वाट बघत होते. मावशीनं माझ्या कपाळाला हात लावला.

"आवाज न चढवता बोललीस. म्हटलं, ताप आलाय की काय पोरीला."

त्यानंतर सहा वर्षं ती त्या मोरीपाशी उभी राहिली. काम सोडलं ते गुडघ्यांपायी, स्वतःच्या तोंडानं सांगून, एका वसंतात.