खोक्याशिवाय आलेली सायकल

वृषाली खांबेटेच्या घरातून खोकं कधी बाहेर गेलं नाही. बँकेच्या न्यू अलिपूरच्या क्वार्टरमध्ये चांगला ऐसपैस माळा होता. दुसऱ्या कुणी त्यात गाद्या ठेवल्या असत्या, जुनी भांडी ठेवली असती. खांबेट्यांच्या माळ्यावर नुसती खोकी होती. फ्रिजचं, टीव्हीचं, मिक्सरचं, इस्त्रीचं, आणि प्रत्येकाच्या पोटात त्याचे थर्माकोलचे तुकडे जिथल्या तिथे. काचेचा एक जग दोन वर्षांपूर्वी फुटला होता, त्याचंही खोकं अजून होतं, कारण मापाचं होतं.

हे सगळं बदलीपायी. वृषालीचे वडील शरदराव रेल्वेत होते; बारावी होईपर्यंत तिने सहा शाळा पाहिल्या. मग ती स्वतः सरकारी बँकेत लागली आणि तेच पुढे चालू झालं. रायपूर, भोपाळ, कोची, लखनौ, आता कोलकाता. शरदरावांनी घालून दिलेला नियम घरात अजून कडक पाळला जायचा: यादीत नाव लागलं की येणारा पहिला रविवार काचसामान बांधायचा. त्या रविवारी लग्न असो की बारसं, खांबेटे कुणाकडे जायचे नाहीत.

नवरा अजिंक्य घरूनच सॉफ्टवेअरचं काम करायचा. एक टेबल, एक खुर्ची आणि बरं इंटरनेट मिळालं की त्याला सगळी गावं सारखीच. मुलगी नूपुर पुण्याला हॉस्टेलवर सुटली होती. राहता राहिली वृषाली, आणि तिला कुठेच चैन नव्हती. जेवताना पाय हलव, टीव्ही बघताना कपाट आवर, अर्ध्या रात्री सोफा या भिंतीचा त्या भिंतीला ने. प्रत्येक गावात तिने काहीतरी शिकायला घेतलं आणि प्रत्येक गावात ते अर्ध्यात सुटलं. शिकवणाऱ्यांचे नंबर तिच्या फोनमध्ये अजून होते. ‘सतार रायपूर’, ‘पोहणं कोची’, ‘चिकनकारी लखनौ’. माणसांची नावं तिने लिहूनच ठेवली नव्हती, आणि आता आठवतही नव्हती.

गेल्या जानेवारीत एका शनिवारी बजबजच्या शाखेची तपासणी आटोपून ती टोटोतून, म्हणजे तिथल्या बॅटरीच्या रिक्षातून, स्टेशनकडे निघाली होती. बंद पडलेल्या एका ज्यूट मिलच्या मागे, भरतीचं पाणी चढून गेलेल्या मैदानात, वीसेक माणसं सायकली चालवत होती. चालवत होती म्हणायचं एवढंच. चिखलात चाक रुतलं की खाली उडी मारायची, सायकल खांद्यावर घ्यायची, आडव्या टाकलेल्या फळीवरून पलीकडे जायचं आणि पळतापळता पुन्हा बसायचं. वृषालीने टोटो थांबवला. ही माणसं वेडी तरी आहेत किंवा सुखी तरी, असं तिला वाटलं, आणि दोन्हींचा तिला सारखाच हेवा वाटला.

त्यातली पन्नाशीची एक बाई कानापर्यंत चिखलाने माखून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचं नाव कादंबरी, बेहालाच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी.

"खाली देखेगा, ना करेगा भी?" तिने विचारलं. "इसको सायक्लोक्रॉस बोलता है. अगले साल जानुअरी में रेस है. साइकिल लेके आओ."

वृषालीने तिचा नंबर घेतला आणि फोनमध्ये लिहिलं: ‘सायकल कोलकाता’.

त्या दिवसापासून डोक्यात भुंगा शिरला तो निघेना. अकरा महिने ती सायकल निवडत होती. खरी सायक्लोक्रॉसची नवी सायकल परदेशातून येते आणि तिची किंमत ऐकून अजिंक्यने फक्त चष्मा पुसला. तेव्हा पन्नास हजार, वर एक रुपया नाही, असं दोघांनी ठरवलं. तेवढ्यात बसवायचं तर काय सोडायचं आणि काय नाही? फ्रेम हलकी हवी, पण हलकी म्हणजे महाग. ब्रेक डिस्कचेच हवेत, चिखलात दुसरे धरत नाहीत. टायर दोन बोटं रुंद, खाचांचे, आणि त्यांच्या आजूबाजूला चिखल निसटायला मोकळी जागा. पुढे दातांची एकच चकती असली तर वजनही कमी आणि बिघाडही कमी. हे सगळं तिने लॅपटॉपवर तक्त्यात मांडलं. तक्ता सतरा सायकलींचा झाला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ती एस्प्लनेडच्या मागच्या सायकलींच्या दुकानांतून फिरायची आणि ताकाची वाटी तशीच बंद डब्यात परत यायची.

"अगं, घेऊन टाक एकदाची," अजिंक्य म्हणायचा. "तुझ्या पायाने माझं टेबल हलतंय."

"घेते रे. पण एप्रिलमध्ये यादी येईल. डोंगराळ गाव मिळालं तर एका चकतीवर चढ चढवणार नाही. राजस्थान मिळालं तर टायर आणखी रुंद हवेत. मोठं शहर मिळालं तर ऑफिसला नेता यायला हवी, म्हणजे कॅरिअर आलं, मडगार्ड आलं."

इथेच घोडं पेंड खात होतं. ती सायकल निवडत होती ते पुढच्या गावासाठी, आणि पुढचं गाव तर अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. बदलीच्या घरात वाढलेली माणसं पडदेही असेच घेतात, पुढच्या खिडकीला पुरतील असे लांब, आणि इथे ते तीन वर्षं जमिनीवर लोळतात.

शेवटी डिसेंबरच्या सुरुवातीला तिने एक घेतली. सगळ्या गावांना चालेल अशी. पुढे दोन चकत्या, रुंद टायर, कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, आणि दोन बाटल्यांची सोय. दुकानदार जोडून द्यायला निघाला तर ही म्हणाली, "राहू दे, खोक्यातच द्या." खोकं घरी आलं आणि सोफ्यामागे उभं राहिलं. आधी यादीचा अंदाज येऊ दे, मग उघडू, असं तिने अजिंक्यला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. दोन आठवडे ती येताजाता त्या खोक्यावर हात ठेवायची, आणि रात्री अंथरुणात कूस बदलायची.

रेसला महिना उरला तेव्हा कादंबरी चहाला आली. वृषालीने मोठ्या अभिमानाने खोकं दाखवलं. कादंबरीने वाकून बाजूचं लेबल वाचलं, मग चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

"साढ़े चौदह किलो. ये तुम कंधे पे उठाएगा? दस बार?"

कादंबरीने खोक्यावर टिचकी मारली.

"कहाँ चलाएगा ये साइकिल?"

मग वृषालीने सांगितलं. चढ असले तर कुठे, वाळू असली तर कुठे, ट्रॅफिक असला तर कुठे. पाच-सहा गावं झाली. कादंबरी बिस्किट चहात बुडवून ऐकत होती. बिस्किट पडलं तरी ऐकत होती.

"आर कोलकाता?" आणि कोलकात्यात, एवढंच तिने विचारलं.

वृषालीला भडभडून आलं. चहाचे कप उचलायच्या निमित्ताने ती आत गेली आणि नळ सोडून सिंकशी उभी राहिली. पंचेचाळीस वर्षांत आपण एकही वस्तू, आपण जिथे आहोत तिथल्यासाठी घेतलेली नाही, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं होतं. राग आला तो शरदरावांचा, बँकेचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. बाहेर येऊन तिने कादंबरीला विचारलं, "अब क्या करूँ, दीदी?"

खोकं उघडलेलंच नव्हतं, म्हणून दुकानदाराने कुरकुर करत का होईना, सायकल परत घेतली. खोकं जपण्याचा एवढा धडधडीत फायदा त्या घराला कधी झाला नव्हता, आणि अजिंक्यने तो तीन वेळा बोलून दाखवला.

पुढच्या शनिवारी दोघी लाँचने हावड्याला गेल्या. घाटामागच्या गल्लीत, लेथच्या आणि वेल्डिंगच्या दुकानांमध्ये, रमेश मिस्त्रीचं सायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर आणि छताला टांगलेल्या सायकली. कादंबरीने हिची उंची सांगितली, पैसे सांगितले, आणि बजबजचं मैदान एवढे दोनच शब्द सांगितले. रमेशने तक्ता मागितला नाही. त्याने वृषालीला चपला काढून भिंतीशी उभं केलं, पायांचं माप घेतलं, आणि आतून एक सायकल काढून आणली.

ती जुनी होती. निळा रंग दोन ठिकाणी उडाला होता. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, पुढे एकच चकती. जहाजावरच्या एका इंजिनिअरने बायकोसाठी बेल्जियमहून आणलेली. बायकोने ती दोनदा चालवली आणि पुन्हा म्हणून हात लावला नाही. बाटलीचा पिंजरा रमेशने समोरच काढून टाकला. सायकल खांद्यावर घ्यायची तर फ्रेममधून हात मोकळा जायला हवा, तिथे बाटली कशाला?

"उठाइए," तो म्हणाला.

गल्लीत माणसं थांबून बघत होती. वृषालीने ओढणी कमरेला खोचली, फ्रेममध्ये हात घातला आणि सायकल उचलली. दहा किलोची ती वस्तू खांद्याच्या खोबणीत नीट जाऊन बसली. ती तशीच लेथच्या दुकानापर्यंत पळत गेली आणि पळत आली. पैसे बेचाळीस हजारांवर ठरले, टायर नवे घालून. आणि निघतानिघता सवयीने तिच्या तोंडून गेलंच, "इसका डिब्बा?"

रमेश हसला. "डिब्बा नहीं है, मैडम. ये तो चलके आई थी."

चार आठवडे सराव झाला. वृषाली पडली, गुडघे फोडून घेतले, फळीला अडखळून एकदा सायकलीसकट आडवी झाली. सोमवारी ती बँकेत लंगडत जायची आणि मॅनेजरला जिन्याचं कारण सांगायची. सोफा त्या महिन्यात एकदाही हलला नाही.

आणि शुक्रवारी, रेस दोन दिवसांवर असताना, यादी आली. एप्रिलची वाट न बघता बढतीची यादी. वृषाली खांबेटे, जोधपूर, पंधरा दिवसांत रुजू व्हावे. सहकाऱ्यांनी मिठाई मागवली. तिने रसगुल्ला हातात धरला आणि तो किती वेळ धरला हे तिला कळलंच नाही.

शनिवारी अजिंक्यने माळ्यावरून खोकी उतरवायला सुरुवात केली. "उद्या काचसामान," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. यादीनंतरचा पहिला रविवार होता, आणि या घरात तो रविवार कसा जातो हे त्याला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. वृषालीने वर्तमानपत्रांची रद्दी काढून दिली. सहा पेले स्वतः गुंडाळले. सातवा गुंडाळताना तिचे हात थांबले.

"मी उद्या नाहीये," ती म्हणाली.

"अगं, पण पहिला रविवार..."

"माहितेय मला. माझ्याच बाबांचा नियम आहे तो. पण सतार सुटली, पोहणं सुटलं. हे मी अर्ध्यात सोडणार नाही. पेले फुटले तर फुटू देत."

तिचा आवाज चढला होता. अजिंक्यने सातवा पेला तिच्या हातातून काढून घेतला.

रविवारी पहाटे बजबज लोकलच्या मालडब्यात, भाजीच्या टोपल्यांमध्ये, निळी सायकल उभी राहिली. मैदानात धुकं होतं आणि चिखल भरपूर. शिटी वाजली आणि वृषाली पहिल्याच वळणावर सगळ्यांच्या मागे पडली. दुसऱ्या फेरीत चिखलाने चाक जाम झालं, ते तिने हातांनी साफ केलं. तिसऱ्या फेरीत छाती फुटतेय असं वाटलं. फळी आली की उतर, उचल, पळ, बस. सहाव्या फेरीला कादंबरी केव्हाच शर्यत संपवून काठाला उभी होती आणि "ओठाओ! ओठाओ!" म्हणून घसा फोडून ओरडत होती. तेविसांत वृषालीचा नंबर एकविसावा आला. शेवटची रेघ ओलांडून ती चिखलातच बसली आणि हमसाहमशी रडली. कुणी कारण विचारलं नाही.

दुपारी ती दारात आली तेव्हा हॉलभर खोकी उघडी होती. सायकलीवरून चिखल ठिबकत होता.

"थांब, फरशी!" अजिंक्य ओरडला.

वृषालीने सायकल भिंतीला टेकवली, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि फ्रिजचं खोकं चारी कडांनी सरळ फाडलं. त्यावर तिच्याच अक्षरात, वेगवेगळ्या शाईत, रायपूर, भोपाळ, कोची, लखनौ लिहिलेलं होतं. तिने ते जमिनीवर पसरलं आणि सायकल त्यावर उभी केली.

"अगं, मग फ्रिज कसा जायचा?"

"चादरीत गुंडाळून. बाकीच्यांचे जातात तसा."

"आणि सायकल?"

"अशीच. धुवायची नाही."

अजिंक्यने सायकलीकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेला. वृषाली पुठ्ठ्याच्या एका कडेला बसली. पाय ठणकत होते आणि अजिबात हलत नव्हते. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘सायकल कोलकाता’.

"शोनिबार आशबे तो?" शनिवारी येणार ना, असं पलीकडून कादंबरीने विचारलं. शनिवारी सराव होता, आणि पुढच्या शनिवारी वृषाली अजून इथेच असणार होती.

"आशबो," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने चिखलाचं बोट कुर्त्याला पुसलं, ते नाव काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं: कादंबरीदी.